पत्ता दाभोळचा, गेट अंजनवेलचं

गेल्या मे महिन्यात धोपाव्याहून दाभोळला येत होतो. फेरीबोटीत गाडी लावली आणि वर कठड्याशी जाऊन उभा राहिलो. शेजारी पुण्याचा एक तिशीतला माणूस मोबाइल आडवा-उभा करत खाडीकडे बघत होता. शेवटी त्याने मलाच विचारलं, "काका, दाभोळला उतरलं की ते एन्रॉन किती लांब पडतं?"

"ते तुम्ही मागे टाकून आलात," मी म्हटलं.

"मागे? पण दाभोळ प्रकल्प ना तो?"

"नाव दाभोळचं. जागा अंजनवेलची."

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. हा प्रश्न मी किती जणांना समजावून दिलाय त्याची गणती नाही. दाभोळ वाशिष्ठीच्या खाडीच्या उत्तरेला, दापोली तालुक्यात. प्रकल्प, म्हणजे अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीचं गॅसवरचं वीजकेंद्र, दक्षिणेला, गुहागर तालुक्यात: अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांच्या कातळावर. मधे खाडी. फेरीबोट २००३ साली आली, त्याआधी होडीने जायचं, नाहीतर खेड-चिपळूणचा वळसा घ्यायचा. कंपनी आली तेव्हा तिला नाव दिलं 'दाभोळ पॉवर कंपनी'. आमचे शाळेतले मास्तर म्हणायचे, साहेबांनी नकाशा उघडला असणार आणि जे नाव मोठ्या अक्षरात दिसलं ते उचललं असणार. दाभोळ बहामनी काळातलं मोठं बंदर. होर्मुझहून घोडे उतरायचे इथे. पंधराव्या शतकात निकितिन नावाचा रशियन व्यापारी परतीच्या वाटेवर इथूनच जहाजात बसला. नंतर पोर्तुगीजांनी बंदर जाळलं, आणि आमच्याकडे उरली एक देखणी मशीद, चंडिकेचं भुयारी देऊळ आणि हे नाव. तेही मग पलीकडच्या तीरावर गेलं.

मी दाभोळचा. आजोळ वेलदूरचं. म्हणजे नाव ज्या गावाचं त्या गावात जन्मलो आणि धक्का ज्या गावाला बसला त्या गावात सुट्ट्या काढल्या. कामाने वेल्डर. आयटीआय केलं फिटरचं, पोट भरलं वेल्डिंगवर. आता चिपळुणात छोटं दुकान आहे, ग्रिल, गेटं, पत्र्याच्या शेडी करतो. पण माझ्या हातचे काही जॉइंट त्या प्रकल्पाच्या पोटात आहेत. म्हणून लिहितोय.

गॅसची वीज महाराष्ट्राला नवी नव्हती. उरणला वीज मंडळाचं स्वतःचं केंद्र १९८२ पासून बॉम्बे हायच्या गॅसवर चालत होतं. अंजनवेलला नवं होतं ते बाकी सगळं: परदेशी मालक, परदेशातून जहाजाने येणारा गॅस आणि डॉलरमधला हिशेब. जून १९९२ मध्ये एन्रॉनची माणसं भारतात आली आणि आठवड्याच्या आत, २० जूनला, वीज मंडळाबरोबर प्राथमिक करार झालाही. टेंडर नाही, दुसरा कुणी स्पर्धेत नाही. आमच्या ग्रामपंचायतीला गटार बांधायला तीन कोटेशनं लागतात. १९९३ मध्ये जागतिक बँकेने कळवलं की ही वीज महाराष्ट्राला झेपणारी नाही, आम्ही यात पैसे घालणार नाही. तरी त्याच वर्षी ८ डिसेंबरला वीजखरेदीचा करार झाला. शरद पवार मुख्यमंत्री होते. कंपनीचे ऐंशी टक्के शेअर एन्रॉनचे, दहा जनरल इलेक्ट्रिकचे, दहा बेक्टेलचे. जनरल इलेक्ट्रिकने टर्बाइन द्यायची आणि बेक्टेलने बांधायचं. मालकही तेच आणि दुकानदारही तेच.

कराराचं गणित मला पुष्कळ वर्षांनी कळलं, तेही खानावळीच्या भाषेत. समजा, तुम्ही महिन्याचा डबा लावला. दोन वेळचा. जेवा नाहीतर जेवू नका, खानावळवालीचं भाडं, गॅस, तिच्या बायकांचा पगार हे तुम्ही द्यायचंच. वर तांदूळ-डाळीचा बाजारभाव जो असेल तो तुमच्या माथी. आणि हे सगळं पैसे रुपयात नाही, डॉलरात मोजून. वीज मंडळाने लावलेला डबा हा असा होता. आणि मंडळाने पैसे थकवले तर राज्य सरकार हमीदार, राज्याने थकवले तर केंद्र सरकार हमीदार.

पण १९९५ मध्ये मला यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की मार्चमध्ये काम सुरू झालंय आणि हेल्परला रोजचा जो रोज मिळतो तो आमच्या मच्छीच्या होडीवरच्या हिश्शापेक्षा चांगला आहे. मी एकवीस वर्षांचा. डोक्यावर पिवळं हेल्मेट आलं तेव्हा आरशात बघून घेतलं होतं. काम काय, तर कातळ फोडून सपाटी करायची चालली होती, आणि मी वर्कशॉपात ऑक्सिजनचे सिलिंडर लोळवायचो. सिलिंडर उचलायचा नसतो, तिरका धरून बुडावर फिरवत न्यायचा असतो. ही माझ्या आयुष्यातली पहिली धंदेवाईक शिकवण.

त्याच मार्चमध्ये सरकार बदललं होतं. एन्रॉन समुद्रात बुडवणार, हे गोपीनाथ मुंड्यांचं वाक्य प्रचारात गावोगाव पोचलेलं. आम्ही गेटवर चहा पिताना त्यावर हसायचो, की एवढा डोंगर बुडवणार कुठे, समुद्र भरून जाईल. ३ ऑगस्टला मुख्यमंत्री मनोहर जोशींनी विधानसभेत प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर केलं. माझी पहिली नोकरी अशी विधानसभेत संपली. घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "चला, निदान कारण तरी मोठं आहे."

पुढे काय झालं ते पेपरात वाचलेलं. कंपनी लंडनला लवादात गेली. नोव्हेंबरात एन्रॉनच्या बड्या अधिकारी रिबेका मार्क 'मातोश्री'वर बाळासाहेबांना भेटल्या, वाटाघाटी झाल्या, आणि जानेवारी १९९६ मध्ये त्याच सरकारने प्रकल्प पुन्हा मान्य केला. पहिला टप्पा ७४० मेगावॅटचा, इंधन नाफ्था, म्हणजे खनिज तेलातून निघणारं पेट्रोलसारखं द्रव. दुसरा १४४४ मेगावॅटचा, त्याला जहाजाने येणारा द्रव गॅस. मिळून २१८४. म्हणजे बुडवायला निघालेला प्रकल्प आधीपेक्षा मोठा होऊन वर आला. वीजमंडळालाही त्यात थोडा हिस्सा मिळायचं ठरलं. त्या वर्षी मे महिन्यात दिल्लीत वाजपेयींचं तेरा दिवसांचं सरकार होतं. विश्वासदर्शक ठराव जिंकता येणार नाही हे दिसत असताना त्याने जाता जाता केंद्राच्या हमीवर शिक्का मारला. तेरा दिवसांत आमच्याकडे रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त होत नाही.

डिसेंबर १९९६ मध्ये काम पुन्हा सुरू झालं आणि आमच्या घरात भांडण सुरू झालं.

मामा वेलदूरचा, जाळ्याचा माणूस. त्याचं म्हणणं साधं होतं: थंडावा द्यायला समुद्राचं पाणी आत घेणार आणि गरम करून बाहेर सोडणार, मग खाडीच्या तोंडाला मासा थांबेल कशाला? बागायतदार म्हणायचे मोहोर जळेल. मी मामाला सांगायचो की हा कोळशाचा प्रकल्प नाही, राख नाही, धूर नाही. मामा म्हणायचा, "धूर नाय ना, मग तुला दिसणार कसा रे, काय जलतंय ते?"

या वाक्याला मला तेव्हा उत्तर आलं नाही. पुढे कामावर आलं, ते सांगतो.

१९९७ चं वर्ष वाईट गेलं. मोर्चे, अटका, मेधाताई आलेल्या, जमावबंदी. ३ जूनला पहाटे पोलीस वेलदूरला कोळीवाड्यात शिरले. बाप्ये समुद्रावर, घरात बायका-पोरं. दारं तोडून बायकांना बाहेर काढलं, मारलं, गाडीत घातलं. त्यात एक गरोदर बाईही होती. हे मी बघितलेलं नाही. मामीही त्या दिवशी माझ्या बहिणीच्या बाळंतपणाला आमच्याकडे दाभोळला आलेली होती. ॲम्नेस्टी या मानवी हक्कांच्या संघटनेने त्याच वर्षी अहवाल काढला आणि ह्यूमन राइट्स वॉचने जानेवारी १९९९ मध्ये, त्यात हे सगळं छापील आहे. कंपनीच्या सुरक्षेसाठी पोलीस, आणि त्या पोलिसांचा खर्च कंपनी देते, हेही त्यात आहे. मामी एवढंच म्हणायची की त्या दिवशी मी घरी असते तर माझं दार पहिलं होतं. मी तेव्हा पुन्हा कामावर लागलो होतो. मामाने माझ्याशी बोलणं टाकलं नाही, पण जेवायला बसलो की माझ्या ताटात मासा वाढताना म्हणायचा, "खा, आहे तोवर."

पहिला टप्पा मे १९९९ मध्ये वीज द्यायला लागला. मला खरं सांगायचंय ते दुसऱ्या टप्प्याचं.

तोपर्यंत मी हेल्परचा वेल्डर झालो होतो. परीक्षा पास झालो होतो ती सिक्स-जीची, म्हणजे पाइप पंचेचाळीस अंशात तिरका बांधून ठेवतात आणि तुम्ही तो न हलवता चहूबाजूंनी वेल्ड करायचा. खालून मारताना रस अंगावर येतो. पास झालात तर कुठल्याही उभ्या-आडव्या पाइपाला हात लावायची परवानगी. माझा पट्टा होता टर्बाइनच्या मागच्या बॉयलरवर. आणि मामाचं उत्तर तिथे होतं.

गॅसवरचं हे केंद्र दोनदा वीज काढतं. आधी विमानाच्या इंजिनासारखं गॅस टर्बाइन: हवा दाबायची, त्यात इंधन जाळायचं, त्या झोताने चाक फिरवायचं. तो झोत बाहेर पडतो तेव्हाही सहाशे अंशांच्या आसपास तापलेला असतो. साधं केंद्र असेल तर ती उष्णता आकाशात जाते. इथे ती एका उंच पेटीत घालतात, पेटीत हजारो नळ्यांची जाळी, नळ्यांत पाणी. त्याची वाफ होते आणि ती वाफ दुसरं टर्बाइन फिरवते. दोन गॅस टर्बाइन आणि त्यांच्या वाफेवर एक वाफेचं, असा एक संच. असे तीन संच: एक पहिल्या टप्प्यात, दोन दुसऱ्यात. एकाच इंधनात दोनदा काम, म्हणून जळणाची निम्म्याहून जास्त ताकद विजेत उतरते. कोळशाला ते जमत नाही. आणि चिमणीतून शेवटी जे बाहेर पडतं ते दिसत नाही. फक्त चिमणीच्या तोंडावरची हवा थरथरते, उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर थरथरते तशी. मामाला मी ते बोट करून दाखवलं होतं, पहिला टप्पा चालू असताना, होडीतून. बराच वेळ बघून म्हणाला, "म्हणजे दिसतं. बघायचं कुठं ते ठाऊक पाह्यजे."

तर त्या पेटीच्या नळ्यांना जोडणारे पाइप आम्ही वेल्ड करत होतो. पहिला थर आर्गॉनमध्ये, रूट. तो आतून गुळगुळीत उतरला पाहिजे, पाइपाच्या आत थेंब लोंबता कामा नये. मग फिलिंग, मग कॅपिंग. रात्री एक्स-रेवाले यायचे, लाल दोऱ्या बांधून सगळ्यांना हाकलायचे, फिल्म काढायचे. सकाळी बोर्डावर नंबर लागायचे. प्रत्येक वेल्डरचा नंबर, त्याच्या जॉइंटांचे नंबर आणि पुढे पास किंवा रिपेअर. माझा नंबर ठोकलेला स्टॅम्प जॉइंटच्या बाजूला लोखंडात असायचा. आजही असेल. पंधरा दिवस एकही रिपेअर नाही आला की मुकादम शृंगारतळीला नेऊन कोंबडी खिलवायचा. शृंगारतळी तेव्हा बघायची. नाक्यावर चार दुकानं होती तिथे लॉज आले, हॉटेलं आली, टेलिफोन बूथ आले, केरळी, बिहारी, पंजाबी माणसं आली, गॅरेजं आली. ज्यांच्या पडवीत शेळ्या बांधायचे त्यांनी पडव्या भाड्याने दिल्या. माझ्या ओळखीच्या एका बाईने साठ माणसांची खानावळ चालवली आणि त्यावर मुलीचं नर्सिंग केलं.

वीज मंडळाची खानावळ मात्र अंगावर येत होती. १९९३ ला करार झाला तेव्हा डॉलर एकतीस-बत्तीस रुपयांचा होता, २००१ पर्यंत सत्तेचाळीसच्या घरात गेला. मधल्या काळात तेल भडकलं, त्याबरोबर नाफ्था. महाग वीज नको म्हणून मंडळ कमी घ्यायचं. घेतली कमी तरी ठरलेला आकार तोच, तो थोड्या युनिटांवर वाटला की युनिट आणखी महाग. दोन रुपयांच्या आत येईल म्हणून सांगितलेली वीज २००० च्या शेवटी काही महिन्यांत सात रुपयांच्या वर गेली. मंडळाने बिलं थकवली. फेब्रुवारी २००१ मध्ये कंपनीने केंद्राची हमी वटवायला काढली. सरकारने माधव गोडबोल्यांची समिती नेमली, तिने एप्रिलमध्ये अहवाल दिला. आधीच्या सगळ्या सरकारांच्या कारभारावर त्यात जे ताशेरे आहेत ते कुणीही एकदा वाचावेत. आळीपाळीने सगळेच पक्ष त्यात येतात, म्हणून कुठलाच पक्ष त्याची आठवण काढत नाही.

मे २००१ च्या शेवटी मंडळाने वीज घेणं थांबवलं आणि पहिला टप्पा बंद पडला. आमचा दुसरा टप्पा नव्वद टक्के झालेला. जूनच्या मध्यावर कामही थांबलं.

त्या दिवसाचं लोक विचारतात. विशेष काही झालं नाही. सकाळी गेटवर गेलो तर गेटपास घेतले. आत माझी टूलबॅग होती, ती दुपारी एका सुपरवायझरने आणून दिली. त्यात माझी काच होती, वेल्डिंगची, अकरा नंबरची, तिला तडा गेला होता. मी ज्या पोट-ठेकेदाराकडे होतो तो महिन्याभराने दिसेनासा झाला आणि दोन महिन्यांची हजेरी त्याच्याबरोबर गेली. माझे तीन जॉइंट अर्धवट होते. रूट झालेला, फिलिंग बाकी. अर्धवट जॉइंट पावसात उघडा राहिला की गंजतो. ते मला त्या महिन्यात रात्री आठवायचं. हजेरीपेक्षा जास्त आठवायचं असं म्हटलं तर बायको अजून हसते.

डिसेंबर २००१ मध्ये तिकडे अमेरिकेत एन्रॉनचं दिवाळं वाजलं. २ तारखेला. आमच्याकडे बाबांनी रेडिओवर ऐकलं आणि मला उठवून सांगितलं, "तुझी कंपनी बुडाली. समुद्रात नाही, हिशेबात बुडाली."

शृंगारतळीच्या लॉजांना कुलपं लागली. कुणी टेम्पो विकला, कुणाचा बँकेने नेला. आम्ही वेल्डर मात्र तरलो, कारण आमच्या हातात सर्टिफिकेट होतं. मुंबईच्या एजंटांना 'एन्रॉनचा वेल्डर' हे शब्द पुरेसे असायचे. आमच्या पट्ट्यातली किती पोरं त्या एका ओळीवर आखातात गेली! २००४ मध्ये मी ओमानला गेलो, सूर नावाच्या गावाजवळ, कल्हातला. तिथे समुद्रकाठी गॅस द्रवरूप करायचा कारखाना आहे आणि त्याच्या तिसऱ्या ट्रेनचं बांधकाम चाललं होतं. ट्रेन म्हणजे गाडी नव्हे, गॅस थंड करायची अखंड साखळी. गॅस उणे १६२ अंशांपर्यंत गार केला की त्याचा द्रव होतो आणि आकार सहाशे पटीने आटतो. मग तो जहाजात भरता येतो. तिथल्या थंड पाइपांना साधं लोखंड चालत नाही, काचेसारखं फुटतं.

पहिल्या आठवड्यात माझा फोरमन, कोल्लमचा माणूस, माझे कागद बघून म्हणाला, "दाभोळ? अरे, इथला गॅस तुमच्याकडेच यायचा होता." मला वाटलं गंमत करतोय. पण खरं होतं. ओमान एलएनजी या तिथल्या कंपनीने (एलएनजी म्हणजे हाच द्रव गॅस) दाभोळ कंपनीशी करार केला होता: वर्षाला सोळा लाख टन, वीस वर्षं. शिवाय अबू धाबीहूनही गॅस येणार होता. मी जेट्टीवर उभा राहून जहाजं जाताना बघायचो. माझ्या गावाचं नाव त्या जेट्टीवरच्या जुन्या माणसांना पाठ होतं. कधीकाळी याच समुद्रावरून घोडे यायचे आमच्याकडे. गॅस यायचा होता, आणि त्याऐवजी मी गेलो.

इकडे तोवर महाराष्ट्रात भारनियमन सुरू झालेलं. खेड्यांत दहा-बारा तास वीज नाही. बायको फोनवर सांगायची की दाभोळला काळोख आहे आणि पलीकडे अंजनवेलला बंद प्रकल्पाचे पहाऱ्याचे दिवे रात्रभर झगझगतायत.

२००५ मध्ये केंद्र सरकारच्या एनटीपीसी (वीज) आणि गेल (गॅस) या कंपन्या, बँका आणि राज्याची वीज कंपनी यांनी मिळून नवी कंपनी काढली, रत्नागिरी गॅस अँड पॉवर, आणि ऑक्टोबरात प्रकल्प ताब्यात घेतला. पाच वर्षं खाऱ्या वाऱ्यात उभी असलेली यंत्रं. फिटरला विचारा, चाललेल्या यंत्रापेक्षा थांबलेलं यंत्र लवकर मरतं. २००६ च्या मे महिन्यात मी रजेवर आलो होतो. मामाचा फोन आला, धक्क्यावर ये म्हणून. गेलो. त्याने होडी काढली, खाडीच्या तोंडाशी नेली आणि हनुवटीने वर दाखवलं.

हवा थरथरत होती.

आधी सुरू झाला तो संच दुसऱ्या टप्प्यातला. आमचा. म्हणजे माझे अर्धे जॉइंट कुणीतरी घासून, पुसून, पुरे करून त्यात वाफ सोडली होती. मामा काही बोलला नाही, मीही नाही. नंतर त्याने जाळं टाकलं आणि दोन पालू मिळाले.

पुढची गोष्ट गॅसच्या वाटांची आहे, आणि ती मला जरा जास्तच मजेशीर वाटते. समुद्रातून गॅस यावा म्हणून प्रकल्प समुद्रकाठी बांधला. पण जेट्टी अर्धवट, म्हणून गॅस आला तो २००७ मध्ये जमिनीवरून, गुजरातकडून पनवेलमार्गे पाइपातून. मग आंध्रच्या किनाऱ्यावरचा कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस आला, २००९ मध्ये तिन्ही संच चालू झाले, क्षमता धरली १९६७ मेगावॅट. दोन-तीन वर्षं बरी गेली. मग त्या विहिरींचा गॅस आटत गेला आणि २०१३ मध्ये केंद्र पुन्हा गार. नेमकी त्याच वर्षाच्या सुरुवातीला जेट्टीला द्रव गॅसचं पहिलं जहाज लागलं होतं. आणि त्याच वर्षी इथून थेट बेंगळुरूपर्यंत पाइपलाइन झाली. म्हणजे आता जहाज येतं, गॅस टाक्यांत उतरतो, त्याला ऊब देऊन पुन्हा वायू करतात, आणि तो शेजारच्या टर्बाइनांना वळसा घालून कर्नाटकात जातो. टर्बाइनांना तो परवडत नाही. आयात गॅसवरची वीज कोळशाच्या विजेपुढे महाग, आणि वितरण कंपनी स्वस्तातली आधी घेते. आणि जहाजही पावसाळ्यात यायचं नाही हं. लाटा अडवायचा बांध वर्षानुवर्षं पुरा झाला नव्हता, म्हणून मृग लागायच्या आधीच टर्मिनल बंद व्हायचं, नारळी पौर्णिमेनंतर केव्हातरी उघडायचं. मामा म्हणायचा, "आमच्यासारखंच. होड्या वर काढल्या त्यांनीपण."

२०१५ च्या शेवटाला रेल्वेने पाचशे मेगावॅट घ्यायचं ठरवलं, काही वर्षं घेतलीही. टर्मिनल वेगळं काढून त्याची कोकण एलएनजी म्हणून निराळी कंपनी झाली. फाटकावरचा बोर्ड बदलत गेला, एसटीतली हाक बदलली नाही. कंडक्टर आजही 'एन्रॉन, एन्रॉन' ओरडतो आणि ज्यांचा जन्म दिवाळ्यानंतरचा ती पोरं उठून उतरतात. करारातल्या गैरव्यवहाराच्या चौकशीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये बंद केलं. तेव्हा पेपरात आतल्या पानावर चार ओळी होत्या. मामाने त्या वाचल्या नाहीत. तो आदल्या श्रावणात गेला.

एवढं सगळं त्या पुण्याच्या माणसाला सांगायला वेळ नव्हता. धोपाव्याहून दाभोळला फेरीबोट दहा-पंधरा मिनिटांत पोचते. मी त्याला गोपाळगड दाखवला, दीपगृह कुठे ते सांगितलं आणि मागे वळून चिमण्या दाखवल्या.

"चालू आहे का हो आता?" त्याने विचारलं.

मी चिमण्यांच्या तोंडाकडे बघितलं. मे महिना, दुपारचे दोन, खाली पाण्यावर आणि बोटीच्या पत्र्यावर सगळीकडे हवा थरथरत होती. वर मात्र आकाश अगदी स्वच्छ, काचेसारखं.

"आज नाही," मी म्हटलं.

तेवढ्यात बोटीने भोंगा दिला आणि तो गाडीकडे पळाला.